पुन्हा पुन्हा सोडता-बांधता येणारे केबल टाय: सोलापुरातल्या घरासाठी कोणते घ्यावेत, कुठे मिळतील

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. जुळे सोलापुरात तुमचा फ्लॅट आहे. टीव्हीमागे, राउटरपाशी आणि इन्व्हर्टरजवळ वायरींचा गुंता झालाय. मागे इलेक्ट्रिशियनने पांढऱ्या प्लास्टिकच्या टायने सगळं आवळून दिलं होतं. पुढे सेट टॉप बॉक्स बदलायची वेळ आली तेव्हा ते टाय कापावे लागले, आणि कापताना एका चार्जरची वायरही कटरखाली आली. आता तुम्हाला सोडता येतील आणि परत बांधता येतील असे टाय हवेत. कोणते घ्यायचे आणि गावात कुठे मिळतील, एवढंच तुम्ही विचारलंय.

मी केबलिंगची कामं करतो. ऑफिसांचं नेटवर्क, कॅमेरे, आणि ओळखीतून आलेली घरंही. त्या अनुभवावरून सांगतो. दोन्ही बाजूंच्या वेल्क्रोचा, म्हणजे एका अंगाला खरखरीत आणि दुसऱ्या अंगाला मऊ असलेल्या पट्टीचा, १२ मिमी रुंदीचा एक रोल घ्या. कात्रीने हवे तेवढे तुकडे करा. तुमच्या घरातलं बहुतेक काम त्यात भागेल. पण सगळं नाही भागणार. जे भागणार नाही त्यातलं बरंचसं आपल्या इथल्या हवेमुळे, धुळीमुळे आणि पाण्याच्या पाळीमुळे आहे, म्हणून उत्तर जरा लांबतंय.

टाय निवडताना सगळे आधी रंग, लांबी, किंमत बघतात. मी एकच विचारतो: ही वायर परत कधी सुटणार आहे? गच्चीवरच्या कॅमेऱ्याची वायर एकदा बांधली की वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही. टीव्हीमागची जुडी वर्षा-दोन वर्षांत एकदा सुटते. मोबाइलचा चार्जर, मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर यांच्या वायरी रोज किंवा दर काही दिवसांनी सुटतात. या तिन्ही ठिकाणी एकाच जातीचा टाय वापरला की कुठेतरी घोळ होतोच. तुमच्याकडे तोच झालाय. वर्षाला सुटणाऱ्या जागी कायमचा टाय बसवला गेला.

त्या पांढऱ्या टायला मात्र नावं ठेवायला नकोत. थॉमस अँड बेट्स या अमेरिकी कंपनीने १९५८ साली तो बाजारात आणला तो विमानातल्या वायरींच्या जुड्या बांधायला. त्याआधी हे काम मेण लावलेल्या दोऱ्याने, एकेक गाठ मारत व्हायचं. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जुड्याही अशाच दोऱ्याने बांधलेल्या असत. विमान सतत थरथरतं, तिथे एकदा आवळलेला टाय सुटता कामा नये. म्हणून त्याचे दात एकाच दिशेने सरकतात. न सुटणं हा त्याचा गुण आहे, आपण त्याला टीव्हीमागे आणून बसवलं.

त्याच्याबद्दल आपल्या हवेतली एक गोष्ट माहीत असलेली बरी. हे टाय नायलॉनचे असतात आणि नायलॉन हवेतला ओलावा शोषून लवचिक राहतं. कोरड्या हवेत ते कडक होतं. एप्रिल-मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार असतो आणि हवा सुकी ठणठणीत. तेव्हा उघड्या पुडक्यातले टाय ओढता ओढता कडकन तुटतात. माल हलका निघाला म्हणून लोक दुकानदाराशी भांडतात. पुष्कळदा माल बरा असतो, पुडकं उघडं ठेवलेलं असतं. पुडकं बंद ठेवावं. उघडं राहिलंच तर टाय काही तास कोमट पाण्यात भिजत घालावेत, बरेचसे परत वळायला लागतात.

सध्या लावलेले टाय कापायचे नसतील तर ते सोडताही येतात. डोक्याच्या आत एक बारीक जीभ असते, तीच दातांत अडकते. शिलाईची जाड सुई किंवा सिमकार्ड काढायची पिन आत सारून ती जीभ उचलायची आणि शेपूट मागे ओढायचं. असं दोनचार वेळा जमतं, मग जीभ सैल पडते. एखाद्या वेळेपुरता उपाय म्हणून ठीक आहे. कापायचाच झाला तर पक्कड-कटरचं सपाट अंग वायरीकडे ठेवून डोक्याच्या गाठीवरच कापा, जुडीवर कधीच नाही. आणि त्याआधी बोर्डाचं बटण बंद करून पिना काढून ठेवा.

आता वेल्क्रो. जॉर्ज द मेस्ट्राल नावाच्या स्विस अभियंत्याच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना रानातली काटेरी बोंडं चिकटली, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. १९५५ साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. माळावरून फिरून आल्यावर धोतराला आघाडा चिकटतो ना, तसंच हे: एका बाजूला बारीक आकडे, दुसऱ्या बाजूला मऊ फासे. पट्टी तिच्या लांबीच्या दिशेने ओढाल तर शेकडो आकडे एकदम धरतात, सहज सुटत नाहीत. तीच पट्टी टोक उचलून सोलाल तर आकडे ओळीओळीने सुटतात, म्हणून बोटाने सोडवता येते.

यावरून लांबी किती घ्यायची तेही ठरतं. आकड्यांना धरायला जागा मिळावी म्हणून पट्टी स्वतःवर निदान दोन बोटं, म्हणजे साडेतीन-चार सेंटिमीटर चढली पाहिजे. टीव्हीमागच्या चार-पाच वायरींची जुडी २५ मिमी जाड धरली तर तिचा घेर ७९ मिमी होतो. त्यात चढण मिळवा, १२ सेंमीचा तुकडा झाला. ५ मीटरच्या रोलमधून असे ४१ तुकडे निघतात. चार्जरच्या वेटोळ्याला ८-९ सेंमी पुरे. एक्स्टेंशन बोर्डाची वायर गुंडाळून बांधायला १८ सेंमी लागतील. गणिताचा कंटाळा असेल तर जुडीभोवती सुतळी एक फेरा घ्या, वर दोन बोटं मोजा आणि तेवढी पट्टी कापा. तयार कापलेल्या पट्ट्यांच्या पाकिटापेक्षा रोल मला यासाठीच बरा वाटतो. पाकिटातल्या सगळ्या एकाच मापाच्या, चार्जरला मोठ्या आणि बोर्डाला लहान.

कुठे मिळतील? यात आपलं गाव बरं आहे, फक्त लोक चुकीच्या दुकानात विचारतात. इलेक्ट्रिकलच्या दुकानात "केबल टाय" म्हटलं की तो पांढरं-काळं नायलॉनच पुढे करतो. दोन्ही बाजूंच्या वेल्क्रोचा रोल कॉम्प्युटर आणि नेटवर्किंगचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा, कारण लॅनच्या, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्कच्या रॅकमध्ये आम्ही तोच वापरतो. नवी पेठेत मोबाइल-कॉम्प्युटरच्या दुकानांतून एक चक्कर मारा. "वेल्क्रो टाय, दोन्ही बाजूंचा" असं नीट सांगा. हाताळल्याशिवाय घेऊ नका: पट्टी स्वतःवर चिकटवून लांबीच्या दिशेने जोर लावा, सरकली तर ठेवून द्या. मऊ बाजू दाट हवी. विरळ, केस उभे राहिलेली पट्टी चार महिन्यांत टकली होते.

दुसरी जागा बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही: शिलाईचं सामान विकणारी दुकानं. सोलापुरात शाळेच्या गणवेशाचा धंदा मोठा, त्यामुळे बटणं, इलॅस्टिक, नाडी, वेल्क्रो मीटरवर सहज मिळतं. फक्त तिथली वेल्क्रो वेगळी असते. खरखरीत पट्टी वेगळी, मऊ पट्टी वेगळी, दोन्ही कापडावर शिवायच्या. तिचा टाय घरी करता येतो आणि तो रोलच्या टायपेक्षा दणकट होतो. मऊ पट्टी १५ सेंमी घ्या. तिच्या एका टोकाला, मागच्या साध्या अंगावर, खरखरीत पट्टीचा ४ सेंमीचा तुकडा शिवा, आकडे बाहेरच्या बाजूला राहतील असा. दुसऱ्या टोकापासून दोन सेंमी सोडून खरखरीत पट्टी ओवता येईल एवढी काजाची चीर द्या. कडा मेणबत्तीच्या आचेवर हलक्या हाताने वितळवून घ्या, नाहीतर धागे सुटतात. वापरताना मऊ बाजू बाहेर ठेवून पट्टी वायरीभोवती घालायची, खरखरीत टोक चिरेतून ओढायचं आणि त्याच दिशेने पुढे नेऊन मऊ बाजूवर चिकटवायचं. टाय वायरीवरच राहतो, हरवत नाही. टेलरकडे दिलंत तर दहा-बारा टाय तो बसल्या बसल्या करून देईल.

मागे गोंद लावलेली वेल्क्रो मात्र घेऊ नका. दुकानदार ती आवर्जून दाखवतो. इथल्या उन्हाळ्यात तो गोंद पातळ होतो, वायरीला आणि हाताला चिकटतो, आणि त्यावर धूळ बसून काळा थर धरतो. इन्सुलेशन टेपने जुडी बांधण्याचंही तेच. वर्षभराने सोडायला गेलात की वायर चिकट होऊन हातात येते. रबरबँड तर उन्हाळ्यात वायरीला चिकटून बसतो, मग हात लावला की तुकडे पडतात.

वेल्क्रो कुठे चालत नाही तेही सांगतो. पूर्व भागात ज्यांच्या घरात किंवा घराला लागून माग आहेत, त्यांच्याकडे सुताची लव हवेत सतत असते. टॉवेलचे माग असतील तर जास्तच. ती लव आकड्यांत जाऊन बसते आणि काही महिन्यांत खरखरीत बाजू धरेनाशी होते. जुना टूथब्रश किंवा बारीक दातांचा कंगवा उलटसुलट फिरवला की निघते, पण किती वेळा साफ करणार? अशा घरांत किंवा कारखान्याच्या ऑफिसात मी वेल्क्रो लावतच नाही. तिथे सोडता येणारा नायलॉन टाय नाहीतर सरळ सुती नाडी. जुळे सोलापुरात लवेचा त्रास नाही, पण रस्त्याकडेच्या खिडकीत राउटर असेल तर धुळीसाठी तो ब्रश तुम्हालाही लागेल. आणि सैल वेल्क्रो धुवायच्या कपड्यांत जाऊ देऊ नका. आपल्या टॉवेलांवर सुताचे फासेच असतात, आकडे त्यात अडकले की टॉवेलचे धागे उपसून निघतात.

सोडता येणारा नायलॉन टाय दिसायला नेहमीच्या टायसारखाच, पण डोक्याजवळ एक छोटी पाकळी असते. ती दाबली की जीभ उचलली जाते आणि पट्टी मागे सरकते. टीव्हीमागच्या, वर्षाला एकदा सुटणाऱ्या जुडीला हा छान. रोजच्या वापराला नको, पाकळी तुटते. घेताना एक टाय ओवून दोनदा सोडून बघा. नुसतं "रियुजेबल" छापलेलं असतं आणि आत साधा टाय निघतो असंही होतं. मणी असलेली पट्टीही मिळते, तिचा एकेक मणी भोकात अडकवायचा. हलक्या जुडीला चालेल, मला ती फार आवडत नाही, कारण दोन मण्यांच्या मधलं माप बसतच नाही.

सिलिकॉनचे पट्टे चार्जर, हेडफोन, लॅपटॉपच्या वायरीला चांगले. धुता येतात, लव धरत नाहीत, उन्हाळ्यात चिकटत नाहीत. आत तार आणि वर रबर असलेला वळवायचा टाय मिक्सरसारख्या जाड वायरीला बरा: दोन फेरे घेतले की बसला. मात्र पावाच्या पुड्याला असते तसली कागद गुंडाळलेली तार विजेच्या वायरीला लावू नका. कागद निघतो, तारेचं टोक उघडं पडतं आणि वायरीच्या आवरणात घुसतं. उघडी बाइंडिंग वायर तर घरात नकोच.

आणि नाडी. लोक हसतात, पण रोज सुटणाऱ्या वायरीला सुती नाडीइतकं स्वस्त आणि टिकाऊ काही नाही. अर्धा हात नाडी मधोमध दुमडायची, दुमडलेला फासा वायरीखालून काढायचा, दोन्ही टोकं त्यातून ओढून आवळायची. नाडी आता वायरीवर कायम राहिली. वायर गुंडाळली की त्याच टोकांनी सुरगाठ मारायची. सोडताना एक टोक ओढलं की झालं. इस्त्रीच्या वायरीला मी नाडीच सुचवतो, कारण चुकून गरम तव्याला टेकली तरी सुती नाडी फार तर करपते, वेल्क्रोचे आकडे आणि प्लास्टिक वितळून इस्त्रीला चिकटतात. अर्थात इस्त्री गार झाल्याशिवाय तिच्याभोवती वायर गुंडाळूच नये.

पाण्याच्या मोटरीचं वेगळं बघा. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. हौदातून टाकीत चढवायला हलती मोटर वापरणाऱ्यांकडे पाण्याच्या दिवशी वायर सुटते, ओली होते, अंगणातल्या मातीत लोळते आणि तशीच गुंडाळली जाते. तिथे वेल्क्रोत चिखल बसतो, नाडी ओली राहून कुजते. रबरवाला वळवायचा टाय किंवा रुंद सिलिकॉनचा पट्टा घ्या, पाण्याखाली धुतला की साफ. वायर हात आणि कोपर यांच्याभोवती गुंडाळायची सवय असेल तर ती सोडा. प्रत्येक फेऱ्याला वायरीला एक पीळ पडतो, काही महिन्यांनी ती नागमोडी होते आणि आतली तांब्याची तार पिनेजवळ तुटायला लागते. वायर जिकडे आपणहून वळते तिकडे वळू देत हातभर व्यासाची सैल वेटोळी घ्या. आणि पिन काढायच्या आधी हात कोरडे.

कूलरला वायर बांधायचीच असेल तर बोर्डाच्या खालपर्यंत एक झोळ सोडून मग वर नेऊन बांधा. टाकीतून किंवा जाळीतून गळलेलं पाणी वायरीवरून घरंगळत आलं तरी झोळाच्या तळाशी ठिबकतं, बोर्डात शिरत नाही. लोक नेमकं उलट करतात. वायर खाली लोंबते म्हणून टाय मारून ताणून घेतात, मग पाणी सरळ सॉकेटपर्यंत जातं. कूलर लावलेला एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका, भिंतीला टांगा.

नीटनेटकेपणाच्या नादात धोका होऊ नये म्हणून पुढचं जरा लक्ष देऊन वाचा. विजेची वायर चालू असताना गरम होते. उघड्यावर ती उष्णता निघून जाते, घट्ट वेटोळ्यात अडकते. एक्स्टेंशनची वायर लांब झाली म्हणून ती गुंडाळून, टाय मारून तिच्यावर हीटर किंवा इस्त्री लावणं म्हणजे आवरण वितळवण्याचा मार्ग. साधा ६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टला सुमारे १३८० वॉट पेलतो. गीझर, मोठा हीटर या २००० वॉटच्या वस्तूंना १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट लागतो. टाय असो नसो, त्या एक्स्टेंशनवर नकोतच. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, राउटर यांचा भार कमी असतो, त्यांच्या वायरी सैलसर बांधायला हरकत नाही. तरी त्यांचे अडॉप्टर एकावर एक रचून बांधू नका, त्यांना हवा लागते.

इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या जाड वायरींना मी हातही लावू देत नाही. त्या दुसऱ्या कशाबरोबर बांधायच्या नाहीत. बॅटरीला पाणी घालताना, टर्मिनल साफ करताना त्या हलाव्या लागतात, आणि टर्मिनलवर ताण आला की जोड सैल होऊन तिथे ठिणगी पडते. भोवतीच्या बाकीच्या वायरी उचलून भिंतीला लावा, बॅटरी मोकळी ठेवा.

राउटरपाशी दोन वायरी नाजूक असतात. एक लॅनची. कॅट सिक्स केबल, म्हणजे लॅनला वापरतात ती एक जात, तिच्या जाडीच्या चौपटीपेक्षा कमी त्रिज्येत वळवू नये असा दंडक आहे. केबल ६ मिमी धरली तर वळणाची त्रिज्या निदान २४ मिमी. आतल्या जोड्यांचा पीळ चेपला गेला की वेग उतरतो, म्हणून टाय बोटाने सरकेल इतकाच घट्ट. आमच्या रॅकमध्ये वेल्क्रो वापरण्याचं कारणही हेच, नायलॉन टाय हातून कधी जास्त आवळला जाईल सांगता येत नाही. दुसरी फायबरची, राउटरच्या डब्यात जाणारी बारीक पिवळी किंवा पांढरी वायर. तिच्या आत काच आहे. काही जातींचं फायबर १० मिमी त्रिज्येपर्यंत वळतं, जुन्या जातींना ३० मिमी लागतात. तुमची कुठली आहे ते बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून ३० मिमी धरून चाला. जास्तीच्या वायरीचं वेटोळं ६ सेंमी व्यासापेक्षा लहान नको. त्याला सैल वेल्क्रो, नायलॉन टाय कधीच नाही. नेट मंदावलं म्हणून कंपनीला फोन करण्याआधी बऱ्याच घरांत मी हेच वेटोळं आधी बघतो.

आता टीव्हीमागचं काम. सगळं बंद करून वायरी काढा आणि प्रत्येकीला नाव द्या. वेल्क्रोच्या मऊ अंगावर पेनने लिहिलेलं दिसत नाही, कागदी चिठ्ठी गळून पडते. गणवेशावर नाव घालायला पांढरी कापडी पट्टी मिळते, तिच्यावर न पुसणाऱ्या मार्करने "सेट टॉप", "टीव्ही", "साउंड" असं लिहून पिनेजवळ शिवून किंवा गाठ मारून टाका. मग विजेच्या वायरी एका जुडीत आणि सिग्नलच्या, म्हणजे एचडीएमआय, डिशची वायर, लॅन वगैरे दुसऱ्या जुडीत. दोन जुड्यांमध्ये चार बोटं अंतर असू द्या, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. जास्तीची लांबी टीव्हीच्या टोकाला न ठेवता खाली बोर्डाकडे ठेवा. टीव्ही पुढे ओढता येईल एवढा झोळ मात्र वर सोडा, नाहीतर झाडलोट करताना पिन उपटेल. दर वीतभर अंतरावर एक टाय पुरतो. ज्यांना सगळं चकाचक दिसायला हवं ते भिंतीवर केसिंग पट्टी मारून घेतात, आणि मग नवीन वायर टाकायची झाली की झाकण उघडताना रंग निघतो. प्लास्टिकची गोल फिरकी नळी तर मला अजिबात नको वाटते. मधली एक वायर काढायला अख्खी नळी उलगडावी लागते.

जुडी भिंतीला धरायला गोंदाचे हूक लावणार असाल तर भिंत बघून. ऑइल पेंटवर किंवा टाइल्सवर ते बसतात. डिस्टेंपर किंवा चुन्याच्या भिंतीवर गोंद भिंतीला न चिकटता रंगाच्या भुकटीला चिकटतो आणि मे महिन्यात वायरीसकट खाली येतो. तिथे सरळ खिळ्याची क्लिप किंवा स्क्रूचा बेस मारा, आणि बेसच्या खाचेतून वेल्क्रो ओवा. सोय पांढऱ्या टायसारखीच, फक्त हा सुटतो.

गच्चीवरच्या टाकीच्या, डिशच्या, कॅमेऱ्याच्या वायरींना वेल्क्रो नको. धूळ, कबुतरं आणि ऊन तिची वाट लावतात. तिथे काळाच नायलॉन टाय. उन्हातली अतिनील किरणं नायलॉन ठिसूळ करतात, काजळी मिसळलेला काळा टाय त्यांना जास्त दिवस तोंड देतो. पांढरा गच्चीवर एक-दोन उन्हाळ्यांत बोटाने तुटायला लागतो. नुसता काळा रंग दिलेलाही मिळतो, म्हणून पाकिटावर उन्हासाठीचा उल्लेख आहे का बघून घ्या. २.५ मिमी रुंदीचा टाय साधारण ८ किलो ताण घेतो, ४.८ मिमीचा २२ किलो. गच्चीवर वाऱ्यासाठी ४.८ मिमीचाच घ्या.

ऑनलाइन मागवणार असाल तर शोधताना "बॅक टू बॅक वेल्क्रो रोल" किंवा "हुक अँड लूप केबल टाय" असं टाका, नुसतं "वेल्क्रो" टाकलं की गोंदवाली पट्टी पुढे येते. फोटो बघून नाही, माप वाचून मागवा: रुंदी मिलिमीटरमध्ये, लांबी मीटरमध्ये. "१०० नग" लिहिलेलं असतं आणि हातात येतात बोटभर लांबीच्या पट्ट्या, त्यांची चढण चार्जरला सुद्धा पुरत नाही.

तुमच्यापुरता हिशोब करायचा तर टीव्हीमागे दोन जुड्यांना आठ-दहा तुकडे, राउटरला चार, चार्जर आणि लॅपटॉपचे मिळून सहा, गणपतीच्या दिव्यांच्या माळा पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवायला चार. ५ मीटरच्या एका रोलमध्ये हे भागून पट्टी उरते. मिक्सर आणि इस्त्रीला दोन हात नाडी. मोटर वापरत असाल तर रबरवाले दोन टाय. गच्चीचं काम सोसायटीचं असेल तर त्यांनाच काळा टाय लावायला सांगा. जुने पांढरे टाय सुईने सोडवायला कोणी मदतीला नसेल, तर रोल आणायच्या दिवशी घरातल्या बारीक कटरचं टोक शाबूत आहे ना तेवढं बघून घ्या, तुटक्या टोकाने डोक्याची गाठ धरता येत नाही आणि परत वायरच कापली जाते.